गिधाड, पांढऱ्या पाठीचे

पांढऱ्या पाठीचे गिधाड : मृत जनावरांच्या मांसावर उपजीविका करणारा एक मोठा पक्षी. ॲक्सिपिट्रिडी कुलातील ह्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव जिप्स बेंगालेन्सिस आहे. तो एके काळी भारतात विपुल होता. आता रत्नागिरी जिल्ह्यासह सर्वत्र दुर्मिळ झाला आहे.

शरीराची लांबी ७५–९३ सेंमी. असून रंग काळपट असतो. पाठीचा खालचा भाग पांढरा असतो. त्यावरूनच हे नाव पडले. डोके व मान जवळजवळ पिसेविरहित असतात. घरटी उंच झाडांवर, कोकणात आंबा, नारळ इत्यादींवर असतात. मादी वर्षातून एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

ग्रामीण जीवनातील उपयोग : भातशेतीसाठी बैल व रेडे पाळणाऱ्या गावांत मेलेले जनावर गावाबाहेर टाकण्याची रीत होती. रत्नागिरी जिल्ह्यात जांभा खडकावर मातीचा थर बहुधा पातळ असल्याने खोल खड्डा खणणे कष्टाचे असते. शिवाय पावसाळ्यात शवातील घाण ओढ्या-विहिरींत जाण्याचा धोका असतो. गिधाडांचा थवा थोड्याच वेळात केवळ हाडे शिल्लक ठेवी. त्यांच्या जठरातील अत्यंत तीव्र आम्लामुळे अनेक रोगजंतूंचा नाश होतो. गावाला ही सफाई विनामूल्य लाभत असे.

ऱ्हास व परिणाम : १९९०–२००० च्या दशकात ह्या गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. देशातील पाहणीमार्गांवर १९९२ ते २००७ ह्या काळात ती सु. ९९·९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे मुख्य कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. औषधाचा अंश असलेले मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडांअभावी शवे कुजत पडू लागली आणि त्यांवर पोसणाऱ्या भटक्या कुत्र्यांमुळे अलर्क रोगाचा धोका वाढला. २००० ते २००५ ह्या काळात ह्या ऱ्हासामुळे भारतात सु. पाच लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे.

संरक्षण : डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये, तर ॲसेक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन ह्यांवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले पर्यायी औषध आहे. चिपळूण येथील सह्याद्री निसर्गमित्र ह्या संस्थेने रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत गिधाडांच्या संरक्षणाचे कार्य केले आहे. घरटी पुष्कळदा खाजगी बागांत असतात. नारळ काढण्यासाठी घरट्याच्या झाडावर चढल्यास विणीत व्यत्यय येतो. म्हणून बागायतदाराला त्या हंगामात उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. गिधाडांचा लाभ साऱ्या गावाला होतो, भार मात्र एकट्या बागायतदारावर पडतो. तो गावाने वाटून घेतल्यासच हे संरक्षण टिकाऊ होऊ शकते.