शरीर थांबले तरी मन जागे असते

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका गृहस्थांचा मुलगा परवा विचारत होता, "डॉक्टर, मेंदूत चिप बसवून मुका माणूस बोलू लागतो म्हणे. आमच्या नानांना बसवता येईल का?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असेल.

मेंदूत अत्यंत सूक्ष्म विद्युतलहरी चालतात. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी त्या माणसाच्या डोक्यावरून प्रथम नोंदविल्या. त्यातूनच 'ईईजी' तपासणी आली. हात उचलायचे मनात आले की मेंदूतून संदेश निघतो व मज्जारज्जूमार्गे स्नायूंपर्यंत पोहोचतो. वाट तुटली तर हात लुळा पडतो. पण संदेश निघतच राहतो. तो मेंदूतच टिपून संगणकाला द्यायचा, हे या तंत्राचे मर्म.

२००४ साली अमेरिकेत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची, नखाहून लहान चकती बसविली गेली. नुसते मनात आणून तो संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवू लागला. पक्षाघाताने हातपाय व वाचा गेलेली एक महिला यांत्रिक हाताने स्वतः कॉफी प्यायली, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. तिच्या आजाराला तेव्हा सुमारे १५ वर्षे झाली होती!

मग नानांचे काय? हा उपचार नव्हे. तुटलेली नस याने जोडली जात नाही. कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाचा धोका असतो, कालांतराने संदेश क्षीण होऊ शकतात. शिवाय बहुतेक अर्धांगवायूंत मेंदूचाच भाग निकामी झालेला असतो. तेव्हा चिपच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.

मात्र त्या महिलेपासून एक गोष्ट शिकावी. वाचा गेली म्हणजे समज गेलीच असे नव्हे. रुग्णाला काही कळत नाही असे गृहीत धरून त्याच्या उशाशी जमिनीच्या वाटणीची चर्चा करू नये. रोज त्याच्याशी बोला. 'हो'साठी एकदा, 'नाही'साठी दोनदा पापणी मिटायला सांगून पाहा. जमल्यास मुळाक्षरांचा तक्ता दाखवा. दर दोन तासांनी कूस बदला, व्यायाम चुकवू नका.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "चिपचे राहू दे. आज घरी गेल्यावर नानांना आधी विचार, चहा हवा का?"