ऑइल आपोआप वाढतंय? इंजिन चालवू नका!

जयगडच्या छोट्या बोटवाल्यांनो, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपून बोट पाण्यात उतरवण्याआधी डिपस्टिक नक्की बघा. ऑइल न घालता पातळी वर गेली असेल, तर आत काहीतरी शिरतंय. दुधाळ दिसलं तर पाणी. काळंच, पण पातळ आणि डिझेलचा वास येणारं असेल, तर डिझेल. शंका असेल तर टिपकागदावर एक थेंब सोडा. डिझेल मिसळलेलं असेल तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरतं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकून तुलना करा.

डायफ्रॅमचा फीड पंप इंजिनलाच बसवलेला असेल, तर माझा पहिला संशय त्याच्यावर. डायफ्रॅम फाटला की डिझेल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. मग फ्युएल इंजेक्शन पंपाचे सील बघा. नोझल गळत असेल तर धूरही वाढतो; ते टेस्टरवर तपासून घ्या.

पातळ ऑइल बेअरिंग खातं. पातळी फार चढली तर तेच ऑइल सिलिंडरमध्ये जळून इंजिन बेफाम पळतं, डिझेल तोडूनही थांबत नाही. म्हणून नुसतं ऑइल बदलून समुद्रात जाऊ नका. आधी गळती काढा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.