दातात काय भरून घ्याल?

ज्याला आपण ‘चांदी’ म्हणतो, त्या अमाल्गमच्या वजनात जवळपास निम्मा पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून, मोजके अपवाद वगळता, त्याचा वापर बंद केला. तरीही जुनी, घट्ट बसलेली चांदी भीतीपोटी काढून घेऊ नका; ती कोरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

दाताच्या रंगाचे कंपोझिट टिकते, पण भरताना दात कोरडा हवा; लाळ लागली की ते नीट चिकटत नाही. ग्लास आयोनोमर सिमेंटमधून फ्लोराइड झिरपते, मात्र दाढेत ते लवकर झिजते.

डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडील नोंदणी पाहा. एक्स-रे दाखवून कीड कुठवर गेली ते समजावणारा, खर्च आधी सांगणारा डॉक्टर निवडा. काहीही दुखत नसताना कोणी एकदम सात-आठ दात किडल्याचे सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खुर्चीत बसू नका.