गच्चीला भोक पाडण्याआधी...

'घरात वायफाय असताना डिश कशाला?' ऑफिसात प्रत्येकाने हेच विचारलं. कारण एकच, बाबा! गावाहून राहायला आले की त्यांना रिमोटचं एक बटण दाबून बातम्या हव्या असतात. अॅप, पासवर्ड वगैरे भानगडी नकोत.

मी क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. डीडी फ्री डिश घ्यायचं ठरवलं. महिन्याचं भाडं नाही, पण बॉक्स बाजारातून आणायचा आणि बसवणारा माणूसही आपणच शोधायचा. कुणीतरी नंबर दिला, अर्ध्या तासात पोरगा हजर. ड्रिल काढलं, गच्चीच्या स्लॅबला चार भोकं, चार बोल्ट, वीस मिनिटांत चित्र. मी तर खूश! चहापाण्याला वर पैसेही दिले.

मग जूनचा पहिला मोठा पाऊस आला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमला ओल आली. वॉटरप्रूफिंगचा थर फुटला होता, पाणी बोल्टच्या कडेने आत उतरत होतं. काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रविवारचे धपाटे पाठवणं बंद केलं. पोराचा फोन बंद. दुरुस्तीचा खर्च अर्थातच माझा.

दुसरा माणूस मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये चौकशी करून शोधला. दोन पावसाळे काढलेली त्याची डिश आधी बघून आलो. तुम्हीही एवढं कराच. या भाऊंनी ड्रिल बाहेरच काढलं नाही, आधी प्रश्न विचारले. गच्ची कुणाची? सोसायटीची परवानगी आहे? सोलर पॅनेल लागणार आहेत का, कुठे?

त्यामागे गणित आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात, म्हणून आपल्याकडची डिश दक्षिणेकडे बघते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आणि आपलं शहर साधारण ७५ अंशांवर, त्यामुळे छत्री आग्नेयेला वळवावी लागते. त्या बाजूला उद्या टाकी किंवा पॅनेल उभं राहिलं की सिग्नल गेलाच. हे ज्याला आज सुचत नाही, तो उद्या फोन उचलणार नाही, असं माझं आपलं मत!

भाऊंनी सिमेंटच्या जड ठोकळ्यात पाइप रोवला आणि त्यावर डिश बसवली. स्लॅबला एकही भोक नाही. खिडकीतून केबल आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. जोडावर रबरी टोपी. चित्र दिसल्यावरही थांबले नाहीत, मीटर लावून स्क्रू पुन्हा थोडा फिरवला. कोरड्या दिवशी जेमतेम चालणारा सिग्नल पावसात आधी जातो, म्हणाले.

पैशांचं मात्र आधीच बोला. महिन्याचं भाडं असलेल्या डीटीएचसाठी ट्रायने बसवण्याच्या खर्चावर ३५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती २०२४ मध्ये उठली. पाइप, जादा केबल, पुन्हा येण्याचे पैसे, सगळं पावतीवर लिहून घ्या.

हा पावसाळा काकूंचं छत कोरडं राहिलं. भाऊंचा नंबर त्यांनी मागून घेतला. धपाट्यांचं अजून काही कळलेलं नाही.