हजाराचा मोबाईल, बत्तीस इंची टीव्ही आणि कोणाचे पोट दुखते?

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांतून मोबाईल आणि टीव्हीची परीक्षणे छापून येऊ लागतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडदा किती इंचाचा, आणि शेवटी पाचपैकी साडेतीन तारे. 'बजेट फोन' म्हणून ज्याची शिफारस होते तो पंधरा-वीस हजारांचा असतो. हे बजेट कोणाचे, ते मात्र परीक्षणात कधी येत नाही. म्हणून आज आम्हीच हे काम अंगावर घेतले आहे, आणि त्यासाठी वर्सोव्यासारखी दुसरी जागा नाही. इथे एकीकडे आराम नगरात मालिका-सिनेमांच्या ऑडिशन चालतात, सात बंगला आणि यारी रोडला टॉवर उभे आहेत. दुसरीकडे कोळीवाडा आहे, आणि त्या टॉवरमधली भांडी घासणाऱ्या, गेटवर उभे राहणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांच्या वस्त्या आहेत. करमणुकीचा माल जिथे तयार होतो तिथेच तो दहा बाय दहाच्या खोलीत कोणत्या यंत्रावर पाहिला जातो, हे कोणी विचारत नाही.

त्याआधी एका जुन्या टोमण्याचा हिशेब करू. 'झोपडीवर डिश, हातात मोबाईल, मग हे गरीब कसले?' हा टोमणा आपण सर्वांनी ऐकला आहे. तो फक्त सोसायटीच्या बैठकीत मारला जातो असे समजू नका. २००२ च्या ग्रामीण दारिद्र्यरेषेच्या पाहणीत १३ निकष होते, आणि त्यांतला एक घरातल्या टीव्ही, पंखा, कुकर, रेडिओ यांच्यावर गुण देणारा होता. म्हणजे पोटाला चिमटा घेऊन एखाद्याने रेडिओ घेतला की सरकारी कागदावर तो तेवढा सधन झाला! २०११ च्या जनगणनेत देशातल्या ६३.२ टक्के घरांत फोन आणि फक्त ४६.९ टक्के घरांत शौचालय असल्याचे आकडे आले, तेव्हा तर या मंडळींना उकळ्याच फुटल्या. लोकांना संडासापेक्षा मोबाईल प्यारा आहे म्हणे. अहो, मोबाईल माणूस आठवड्याच्या पगारातून स्वतः विकत घेऊ शकतो. शौचालयाला जागा लागते, पाणी लागते, गटाराची जोडणी लागते, आणि झोपडपट्टीत या तिन्ही गोष्टी पालिकेच्या हातात असतात. जे स्वतःच्या हातात होते ते लोकांनी केले. ज्यांच्या हातात बाकीचे होते त्यांना जाब कोण विचारणार?

आता वस्तूंकडे वळू.

बटणांचा साधा फोन आजही हजार ते दोन हजारांत मिळतो. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी जरा मागे पाहावे. १९९५ मध्ये मुंबईत मोबाईल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला, त्याच वर्षी जुलैत रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन देण्याची योजना काढली, आणि नोकियाचा ११०० बाजारात आला. जगभरात या एका फोनच्या सुमारे २५ कोटी प्रती खपल्या. त्यात होते काय? बटणांवर एकसंध रबरी पत्रा, म्हणून आत धूळ जात नसे. दोन्ही कडांना खरखरीतपणा, म्हणून ओल्या हातातून निसटत नसे. आणि एक टॉर्च. मासळी विकणाऱ्या बाईला, पहाटे अंधारात होडीकडे जाणाऱ्याला, रात्रपाळीच्या वॉचमनला यापेक्षा वेगळे काय हवे होते? गरिबाच्या हाताचा आणि उजेडाचा विचार करून केलेली ती वस्तू होती. नुसते महागड्या फोनमधून चार गोष्टी काढून टाकल्या की स्वस्त फोन होत नाही. आजचे कित्येक 'बजेट फोन' मात्र तसेच केलेले आहेत.

साधा फोन घेताना आम्ही चार गोष्टी पाहायला सांगू. बॅटरी मागचे झाकण उघडून बदलता येते का? दोन सिम बसतात का? एफएम आणि मेमरी कार्ड आहे का? आणि मराठी नीट उमटते का? देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, असे आयएस १६३३३ हे मानक सांगते. दुकानात उभे राहून दुसऱ्या फोनवरून 'वाऱ्यावर' हा शब्द पाठवून पाहा. त्यातला अर्धा र तुटला, तर बँकेचा मराठी संदेशही तसाच तुटका येईल.

मेमरी कार्डाला आम्ही विशेष मान देतो, आणि त्याला कारण आहे. कॅसेटच्या काळात वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते याच किनाऱ्यावरून घराघरांत गेली. आपली भीमगीतेही कॅसेट, मग व्हीसीडी, मग मेमरी कार्ड अशा वाटेने गेली. मोठ्या वाहिन्यांनी त्यांना आपणहून वेळ दिला नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांशेजारी गाण्यांचीही विक्री होते, ती त्यासाठीच. कार्ड एकदा भरले की त्याला ना नेट लागते, ना दरमहा वर्गणी, ना कोणाची परवानगी.

निदान तसे वाटत होते. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, आणि त्यावरून त्याला मारहाण करून ठार करण्यात आले. फोनच्या स्पीकरचा आवाज किती मोठा आणि किती स्वच्छ, याला परीक्षणात तारे मिळतात. त्या आवाजाची किंमत या राज्यात एका पोराने जिवाने मोजली, हे ते तारे देणाऱ्यांना माहीत तरी आहे काय?

असो. फोनच्या किमतीपेक्षा मोठा खर्च नंतर सुरू होतो. 'महिन्याचे रिचार्ज' म्हणून जे विकले जाते ते २८ दिवसांचे असते. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नव्हे, तेरा महिने झाले! या तक्रारीवरून २०२२ मध्ये ट्रायने किमान एक योजना ३० दिवसांची ठेवायला कंपन्यांना सांगितले, पण ती मागून घ्यावी लागते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि जिओचे १५५ रुपयांचे २८ दिवसांचे रिचार्ज १८९ ला गेले. ज्या आजीला फक्त गावाकडे बोलायचे आहे तिलाही नेटचे पैसे भरावे लागत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नुसत्या बोलण्याची आणि संदेशांची वेगळी योजना देणे बंधनकारक केले. तीही मागूनच घ्यावी लागते. २०१७ चा जिओफोन 'फुकट' म्हणून गाजला. प्रत्यक्षात १५०० रुपये अनामत, ती ३६ महिन्यांनी परत, आणि वर्षाला किमान १५०० च्या रिचार्जची अट. फुकट या शब्दाचा अर्थ असा तीन वर्षांनी कळतो.

स्मार्टफोन आता चैन राहिलेला नाही. ॲपवरून भाडे घेणाऱ्या रिक्षावाल्याला आणि डिलिव्हरीच्या पोराला तो नसेल तर काम नाही. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहू नये. बॅटरी, उन्हात दिसणारा पडदा आणि कंपनी किती वर्षे सुरक्षेची अद्ययावती देणार, एवढे विचारावे. हप्त्यावर घेताना 'शून्य टक्के व्याज' या पाटीला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की असे शून्य व्याज नसते. ते प्रक्रिया शुल्कात नाहीतर गमावलेल्या रोख सवलतीत लपलेले असते. रोखीचा भाव आधी विचारा, मग हप्त्यांची बेरीज करा.

टीव्हीबाबत आमचे मत लॉकडाऊनने पक्के केले. २०२० मध्ये शाळा ऑनलाईन झाल्या, आणि एका घरात तीन मुले अन् एक फोन, तोही बापाच्या खिशात. तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली, आणि 'झोपडीतली चैन' म्हणून हिणवलेला टीव्ही वर्गाचा फळा झाला. दरमहा पैसे न लागणारी डीडी फ्री डिश दीड-दोन हजारांत बसते. सगळ्या लोकप्रिय मराठी मालिका तिच्यावर मिळत नाहीत, हे खरे. वर्सोव्यात दुसरीही अडचण आहे. तिची थाळी आग्नेयेकडे रोखावी लागते. त्या दिशेला टॉवर उभा असेल तर आकाशही त्यांचेच! आधी पत्र्यावर चढून दिशा पाहा, मग पैसे द्या. खाऱ्या हवेत थाळीचे नट गंजतात, त्यांना वर्षातून एकदा तेल लावा.

दहा बाय दहाच्या खोलीत ३२ इंचांपुढे जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा मोठमोठ्या जाहिराती आल्या. बत्तीस इंची टीव्हीवर आणि मोबाईलवर तो आधीच १८ होता आणि तेवढाच राहिला. सवलत कोणाच्या दिवाणखान्यात गेली, ते सांगायला नको. होम थिएटरबद्दल आम्ही बोलतच नाही. पातळ पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे पोर दहावीचा अभ्यास करत असते.

जुना फोन घेणार असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथेच कळते. बिल मागा. दुकानदार कुरकुरेल, तरी मागा. उद्या पोलिसाने रस्त्यात हटकले तर आपल्या पोराला ते लागेल, टॉवरमधल्या पोराला लागणार नाही.