चाळणी कुणाच्या हातात?

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घरोघरची चाळणी खुंटीवरून खाली उतरते. बेसन चाळायचे, रवा चाळायचा, चकलीची भाजणी चाळायची! खाली पडेल ते फराळाचे आणि वर उरेल तो कोंडा, अशी आपली सरळ वाटणी. परंतु जाणती गृहिणी वर उरलेले लगेच फेकून देत नाही; एकदा बोटांनी चाचपून पाहते. गिरणीत दळण जाडसर पडले असेल, तर ते तिथेच कळते. आज वाचकांना अशाच एका चाळणीची ओळख करून द्यायची आहे. मात्र ती पिठाची नव्हे, आकड्यांची आहे.

शास्त्रज्ञांपुढे आज आकड्यांचे डोंगर उभे असतात. वादळातल्या वाऱ्याचा वेग, विमानाच्या पंखाभोवतीचा हवेचा दाब, वातावरणाच्या थराथरातले तापमान – असे लक्षावधी आकडे नुसते वाचून कुणाला काय कळणार? म्हणून संगणकाकडून त्यांचे चित्र काढून घेतात. या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक सॉफ्टवेअर म्हणजे पॅराव्ह्यू. किटवेअर ही कंपनी आणि लॉस अलामोस ही राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी २००० साली अमेरिकेत त्याचे काम सुरू केले. ते कोणालाही विनामूल्य घेता येते.

पॅराव्ह्यूची रचना ओळीने मांडलेल्या चाळण्यांसारखी आहे. एका टोकाला आकडे ओतायचे, दुसऱ्या टोकाला चित्र उमटते, आणि मध्ये असतात ते ‘फिल्टर’. एक फिल्टर कलिंगडाची फोड कापावी तसा आकड्यांचा छेद दाखवतो. दुसरा सारख्या दाबाच्या जागा जोडतो. तिसरा ठरावीक मर्यादेतलेच आकडे पुढे सोडतो. असे पुष्कळ फिल्टर तयारच मिळतात. पण प्रत्येक संशोधकाची गरज कशी भागणार? त्यासाठी ‘प्रोग्रॅमेबल फिल्टर’ नावाची एक रिकामी चौकट ठेवलेली आहे. तिच्यात पायथन या संगणकीय भाषेत चार ओळी लिहायच्या, की आपल्या मापाची चाळणी तयार!

या चार ओळी लिहिणे वाटते तितके अवघड नाही. समजा, तापमानाचे आकडे केल्विनमध्ये आहेत आणि आपल्याला सेल्सिअस हवे आहे. पहिल्या ओळीत आलेल्या आकड्यांतला तापमानाचा रकाना उचलायचा. दुसरीत प्रत्येक आकड्यातून २७३.१५ वजा करायचे. तिसरीत उत्तराला नवे नाव देऊन ते पुढे पाठवायचे. लक्षावधी ठिकाणची वजाबाकी एका ओळीत होते. मूळ आकड्यांना धक्का लागत नाही, कारण फिल्टर आपले उत्तर वेगळ्या ताटात वाढतो.

मात्र इथे नवशिक्याची एक फजिती ठरलेली असते. ही चौकट मूळ आकृतीचा सांगाडा आपण होऊन पुढे नेते, पण जुने रकाने नेत नाही. ‘जुने रकानेही घ्या’ अशा अर्थाची एक खूण करावी लागते. ती राहिली, तर सेल्सिअस दिसते आणि वाऱ्याचा, दाबाचा पत्ता नसतो! संगणक तक्रार करत नाही. आपण सांगितले तेवढेच त्याने केलेले असते.

इथे फार तर एक संध्याकाळ फुकट जाते. परंतु चाळणीचे माप चुकले तर केवढे मोठे सत्य नजरेआड होऊ शकते, याचा दाखला पॅराव्ह्यूच्या जन्माआधीचा आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारा ओझोन ‘डॉब्सन’ या एककात मोजतात. वातावरणातला सगळा ओझोन शून्य अंश तापमानाला समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणला आणि त्याचा थर तीन मिलिमीटर भरला, तर ते ३०० डॉब्सन. १९७८ साली अमेरिकेने सोडलेला निंबस-७ हा उपग्रह हे मोजमाप करत होता. १८० डॉब्सनपेक्षा कमी आकडा आला, तर तो संशयास्पद म्हणून बाजूला काढावा, अशी सूचना त्याच्या आकड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या संगणकाला दिलेली होती. ती मूर्खपणाची नव्हती; इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलाच नव्हता, आणि यंत्रे तर चुकतातच.

पुढे मे १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तिघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लेख प्रसिद्ध केला. अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रात जमिनीवरच्या उपकरणाने त्यांना ऑक्टोबरमधला ओझोन दोन दशकांत सुमारे ३०० वरून २०० च्या आसपास उतरलेला आढळला होता. उपग्रहाचे बाजूला काढलेले आकडे मग पुन्हा तपासले गेले, आणि ती यंत्राची चूक नसून खरीच घट असल्याचे दिसले. नकाशे निघाले, सबंध खंडाएवढे भगदाड जगाने डोळ्यांनी पाहिले. १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला.

यात सुदैवाची गोष्ट एकच: ते आकडे बाजूला ठेवले होते, पुसून टाकले नव्हते.

आज एखादी विद्यार्थिनी पॅराव्ह्यूच्या त्या रिकाम्या चौकटीत स्वतःचा फिल्टर लिहायला बसते, तेव्हा हाच निर्णय तिच्या हातात असतो. १८० च्या खालचे सगळे बिंदू गाळून टाकावेत, असे ती लिहू शकते. चित्र गुळगुळीत, देखणे येईल. किंवा एकही बिंदू न गाळता ‘शंका’ नावाचा नवा रकाना जोडून त्यांना वेगळा रंग देऊ शकते. चित्र ओबडधोबड दिसेल. श्रम दोन्हीकडे सारखेच, चार ओळींचे. पण पहिल्या चित्रात पाहणाऱ्याला काय गाळले ते कधीच कळणार नाही, आणि दुसऱ्यात त्याला प्रश्न विचारता येईल.

रंगीत नकाशे आता आपल्या रोजच्या पाहण्यात आहेत – पावसाचे, प्रदूषणाचे, साथीच्या रोगांचे. ते पाहताना ‘किती सुंदर!’ म्हणावे, पण त्याबरोबरच आणखी एक विचारावे: चाळणीच्या वर काय उरले, आणि ते कुठे ठेवले आहे?