गोठलेल्या भूमीवरील रस्ता

अलास्का, कॅनडातील युकॉन, सायबेरिया इत्यादी उत्तरेकडील प्रदेशांत जमीन वरून इतर कोणत्याही जमिनीसारखीच दिसते. तिच्यावर शेवाळ वाढते, झुडपे व सूचिपर्ण वृक्ष उभे असतात. परंतु ऐन उन्हाळ्यातही तेथे हात-दोन हात खणले, की पुष्कळ ठिकाणी कुदळ खणकन आदळते. खाली माती, वाळू व पाणी यांचा एकजीव गोठलेला थर असतो. कोठे कोठे हा थर हजारो वर्षांत वितळलेलाच नाही. या भूमीस ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणजे सदा गोठलेली भूमी असे म्हणतात.

असा दगडासारखा पाया आयता मिळाल्यावर रस्ता बांधण्यास कितीसा वेळ लागणार, असे कोणासही वाटेल. अमेरिकेच्या सैन्यासही तसेच वाटले असावे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा अलास्काशी खुष्कीच्या मार्गाने दळणवळण जोडणे अमेरिकेस निकडीचे झाले. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झाले. कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कापर्यंत दोन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता अरण्यातून काढावयाचा होता. दहा हजारांवर सैनिक त्यासाठी राबले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते व त्यांतील अनेक जण दक्षिणेकडील उबदार प्रांतांतून आलेले होते. त्यांच्या कष्टांची दखल पुढे कित्येक वर्षे घेतली गेली नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

नेहमीच्या रीतीप्रमाणे बुलडोझरांनी झाडे उपटली, शेवाळ खरवडले, माती बाजूस लोटली. खालची गोठलेली जमीन उघडी पडली आणि तिच्यावर उत्तरेतील उन्हाळ्याचे लांबलचक दिवस तळपू लागले. थोड्याच काळात त्या खडकाचा चिखल झाला. मालमोटारी त्यात रुतून बसल्या. चिखल उपसावा, तर खालचा नवा थर उघडा पडून तोही वितळे!

बर्फवाला बर्फाची लादी भुशात घालून वर गोणपाट गुंडाळतो. भुसा थंड नसतो. तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, इतकेच. शेवाळाचा जाड थर त्या भूमीवर हेच काम करीत होता. हे ध्यानी येताच कामाची पद्धत पालटली. झाडे हातांनी तोडण्यात आली, शेवाळ जेथल्या तेथे राहू दिले, त्यावर फांद्या व ओंडके आडवे अंथरले आणि वर मुरूम-खडीचा भराव घातला. नोव्हेंबर १९४२ मध्ये रस्ता खुला झाला.

तथापि प्रश्न कायमचा मिटला नाही. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो. भरावाच्या उतारांवर साचणारे हिमही घातकच ठरते; कारण हिमाची दुलई हिवाळ्यातील थंडी जमिनीत शिरू देत नाही. २००८ मध्ये युकॉनमधील बीव्हर क्रीक गावाजवळ याच रस्त्याच्या काही तुकड्यांवर निरनिराळे उपाय योजून पाहण्यात आले. एका उपायात भराव मोठमोठ्या दगडांचा असतो. हिवाळ्यात बाहेरची थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते व आतील ऊब वर निघून जाते. उन्हाळ्यात हलकी उष्ण हवा वरच राहते. यंत्रावाचून चालणारी ही युक्ती खरोखर सुंदर आहे. परंतु ती खर्चिक असल्याने साऱ्या रस्त्यावर करणे कठीण.

अलीकडे पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे तो बर्फ अधिक वेगाने वितळू लागला आहे. रस्ता जागोजाग खचतो, लाटांसारखा उंचसखल होतो, आणि उन्हाळा आला की कामगार खडी घेऊन पुन्हा खड्डे भरावयास निघतात.